गृहकर्जात एक नंबर कोणाचा?

देऊळगाव राजात सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवायचं, म्हणजे पोत्यांवर धूळ आणि डोक्यात किस्से, दोन्ही रोज साचतात. धूळ निदान झटकता येते!

कोणाचं घर कोणाच्या कर्जावर उभं राहतंय, हे बांधकामाआधी मला कळतं. म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर मी यादीच ठेवली: गावात सर्वांत मोठा गृहकर्जवाला कोण?

*

एकदा सरकारी बँकेचे मॅनेजर आणि फायनान्स कंपनीचे साहेब एकाच वेळी चहाला टेकले. दोघंही म्हणे, "एक नंबर आम्हीच!"

मी यादी काढली. "दोघंही खरे. घरं मोजली तर कंपनी पुढं, रक्कम मोजली तर बँक."

दोघांनीही पेढे आणले. मी दोन्हींना न्याय दिला.

*

आमचे गफ्फारभाई मिस्त्री. त्यांना एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कर्ज कोणाचं घेऊ?"

"बँक कागद पाहते, कंपनी पगार पाहते. मी फक्त स्लॅबला पाणी मारलं का, ते पाहतो. मारा आधी!"

*

या कंपनीची एक रीत आहे. घर झालं की दर्शनी भिंतीवर हातभर निळ्या अक्षरांत रंगवतात: 'हे घर आमच्याकडे तारण आहे.'

दुसरबीडच्या एका किराणावाल्यानं कर्ज न घेताच तसं रंगवून घेतलं. म्हणे, "मेव्हणे उसने मागायचे थांबले, शेठ!"

साहेबांनी भिंती मोजताना तीही धरली. मी चूक दाखवली, तर हळूच म्हणाले, "राहू द्या हो. महिनाअखेर आहे!"

*

खरात गुरुजींनी याच कंपनीचं कर्ज काढून घर बांधलं. मग मुलीला मोताळ्याचं स्थळ आलं. फोनवर मुलाचे वडील म्हणाले, "आमचं घर नवं हाय, एक रुपया कर्ज नाही." गुरुजींच्याही तोंडून गेलं, "आमचंही तसंच!"

पाहुणे यायच्या सकाळी गुरुजी दुकानात हजर. "शेठ, पोरीला मुलगा पसंत आहे हो. भिंतीचं काय करू?"

गफ्फारभाईंनी भिंतीवर ताडपत्री टांगली. "विचारलं तर सांगा, रंगकाम चालू आहे."

मध्यस्थ म्हणून मीही गेलो. ओसरीत पोहे झाले, हसणं-बोलणं झालं. पुढच्या रविवारी गुरुजींनी मोताळ्याला घर पाहायला यायचं ठरलं. सगळे निघायला अंगणात उतरले, आणि वाऱ्यानं ताडपत्री सुटून गुरुजींच्या पायाशी पडली.

मुलाच्या वडिलांनी निळी अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. पोरीनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"शेठ," ते मला म्हणाले, "तुमच्या गावात हेच कर्जवाले एक नंबर हायेत काय?"

"घरं मोजली तर, हो."

त्यांनी मान डोलावली, मोबाईल काढला आणि घरी थोरल्या पोराला फोन लावला.

"हॅलो! आपल्या भिंतीवरची ताडपत्री काढून टाक बे!"