पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

मीटरवाल्याची बायको मोज्यांच्या कारखान्यात विणायच्या मशीनवर होती. टाके मोजता मोजता आकड्यांशी तिची अशी गट्टी जमली, की कुठलाही आकडा पुढे टाका, एक घाव दोन तुकडे. नवरा घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायचा. रोज संध्याकाळी त्यातला एखादा गलेलठ्ठ आकडा तो घरी आणायचा आणि चहा पिता पिता ती तो फोडायची, कशाकशाने भाग जातो ते सांगून. त्याचं स्वतःचं गणित यथातथाच. भागाकार चुकला, की ती त्याला सुखाने चहाही पिऊ द्यायची नाही.

मग तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात हळूहळू सावरला, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल कदाचित. पण त्यांना समजतंय किती, हे आत्ताच सांगता येणार नाही. या वाक्याने मीटरवाल्याची झोप उडाली. मुक्या बायकोबरोबर त्याने आनंदाने संसार केला असता. पण समोर बसलेली ही आपली तीच आहे का, हेच त्याला कळेना.

लेक म्हणाली, बाबा, आकडा बंद करू नका. म्हणून तो रोज आणत राहिला, मुद्दाम सोपे सोपे. ती खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा छापखान्याच्या मीटरवर त्याला घबाड सापडलं: ५१०५१०. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, सगळ्यांनी भाग जातो. किंबहुना या सातांचा गुणाकार म्हणजेच तो आकडा. घरी येऊन त्याने तो तिला कौतुकाने ऐकवला. तिने मानही वळवली नाही. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

सुट्टीच्या दुपारी तिच्याशेजारी मटार सोलताना त्याला सुचलं, यात एक मिळवला तर? मग त्या सातांपैकी कुणाचीच डाळ शिजत नाही. प्रत्येक वेळी बाकी एक. गडी खूश झाला.

"म्हणजे ५१०५११ ही मूळ संख्या," त्याने जाहीर केलं. "स्वतःशिवाय कुणाचं म्हणून ऐकत नाही. अगदी तुझ्यासारखी."

ती खिडकीकडून वळली. कपाळावर आठी आली. ओठ हलले, नुसतीच हवा बाहेर पडली, पुन्हा हलले.

"एकोणीस," ती म्हणाली.

त्याने शेंगांखालचा कागद ओढून भागाकार केला. २६८६९, बाकी शून्य. सतराच्या पुढेही जग आहे, हे हा शहाणा विसरलाच होता. चुकल्याचा एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. मटाराचं ताट मांडीवर घेऊन तो हमसून हमसून रडला.

मग डोळे पुसून म्हणाला, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"एकोणीस," ती वैतागून म्हणाली.

त्याला दोन्ही वेळा स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी त्याने कान पुढे केला आणि तिसऱ्यांदा विचारलं.