लादीला घाम फुटेपर्यंत

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दौंडच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळेत मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मूर्ख होते, दुसरं काय!

नववीत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बर्फावरच्या शर्यती पाहिल्या होत्या. बुटाला पातं लावून माणसं सुसाट सुटायची. ती घसरतात कशी, हे मला दाखवायचं होतं. पहिला नंबर आला तर जिल्ह्याला, पुण्याला जायला मिळणार होतं. मी पुणं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं जीव नुसता टांगणीला लागलेला.

लाकडी ठोकळ्याला करवतीची दोन पाती बसवली. लादीचा तुकडा आबांनी आणून दिला आणि "तुम्ही जा आता," म्हणून मी त्यांना जवळजवळ हाकललंच. मग अक्कल पाजळली: जितका गार, तितका निसरडा! लादीखाली कुल्फीवाल्यासारखा मीठ घातलेला बर्फाचा चुरा भरला. परीक्षक दोन टेबलं पलीकडं आले, आणि माझा ठोकळा ढकलला तर हलेचना. पाती चिकटूनच बसली. मला रडू फुटलं.

आबा गेलेच नव्हते. लाद्या झाकायचा भुसा कपड्यांवर तसाच घेऊन दारातून आत आले, लादीला बोट लावलं. "अगं, लई कडक हाय ही. कारखान्यात साच्याच्या डब्यातनं काढल्या काढल्या आमालाबी सरकत न्हाई. घाम फुटू दे तिला." त्यांनी चुरा काढला, लादी तळहातानं चोळली. ओलसर चमक आली आणि ठोकळा सुर्रकन पलीकडं! त्या तळहाताचे उपकार मी आजही मानते.

परीक्षकांनी कारण विचारलं. पात्याच्या दाबानं बर्फ वितळतो, हे पुस्तकातलं उत्तर मला तोंडपाठ होतं. पण त्या एवढ्याशा ठोकळ्याचा कसला आलाय दाब? मी म्हणाले, "वर पाण्याचा पातळ थर लागतो, सर. घासून ऊब आली की तो वाढतो. फार गार बर्फावर तो पुरेसा होत नाही. माझ्या वडिलांनी शिकवलं. ते बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतात."

"पुस्तकात असं नाही," परीक्षक म्हणाले. दुसरा नंबर. पुणं गेलं.

मी पाय आपटत घरी निघाले. आबा सायकल हातात धरून शेजारून चालत होते. एकदम म्हणाले, "सायबाम्होरं माझं काम सांगितलंस व्हय गं?"

"सांगितलं. मग?"

"मग काय न्हाई," टॉवेलनं डोळे पुसत आबा म्हणाले. "घरी गेल्यावर तुझ्या आईलाबी सांग."