छायाबाईंचं अंगणातलं इंग्रजी

सेलूत छायाबाईंचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग हात जोडतात. हसतात, कारण ही मास्तरीण इंग्रजी शिकवते चक्क वऱ्हाडीतून! आणि हात का जोडतात, ते हिंगणीच्या वर्षालीला विचारा.

जंगलात पर्यटकांना फिरवायला गाईडची जागा निघाली होती. झाडन् झाड ओळखणारी ही पोरगी म्हणत होती, "मी मुलाखतीले जातच नाई." कॉलेजात ती इंग्रजी बोलायला उभी राहिली की पोरं फिदीफिदी हसायची. पाठ केलेला एकेक शब्द सुटा सुटा म्हणायची बिचारी, "आय... डू... नॉट... नो." शेवटी तिनं तोंड उघडणंच सोडलं. इकडे मामानं स्थळ आणून ठेवलं होतं. नोकरी हुकली की लग्न पक्कं, आणि जंगल कायमचं सुटलं.

इंग्रजी शिकायला ती अंगणात आली तेव्हा छायाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी अर्ध्या शेंगा तिच्या पुढ्यात सरकवल्या.

"काल कुठं गेलती वं?"

"केळझरले गेलती, गणपतीले."

"'गेली होती' काऊन नाई म्हटलं?"

"असं कोन बोलते बाई?"

"तेच तर म्हणतो मी! मंग गोऱ्या साहेबानं तरी 'डू नॉट' काऊन म्हणावं? त्याचंबी तोंड आपल्यासारखंच आळशी. तो 'डोन्ट' म्हणते आन् मोकळा होते."

वर्षाली खुदकन हसली. किती दिवसांनी हसली असेल, देव जाणे.

मग रोज तेच चाललं. कधी शेंगा, कधी तांदूळ निवडणं, आणि तोंडानं अखंड बडबड. तिनं लिहून आणलेला नोकरीचा अर्ज मात्र बाईंनी टराटरा फाडला. "अर्जात 'आय ॲम'चं 'आयम' लिहिते? कचेरीत गाऊन घालून जाशीन काय? कागदावर इस्त्रीचं, पुरं लिहाचं. घरच्या कपड्यातलं तोंडानं बोलाचं."

गावातले शहाणे नाक मुरडायचे, वऱ्हाडीनं म्हणे इंग्रजी बाटतं. बाटू द्या की! पोरगी बोलायला लागली, हे कुणाला दिसत नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी छायाबाई रजा टाकून तिच्यासोबत वनखात्याच्या कचेरीत गेल्या आणि बाहेर खिडकीखालच्या ओट्यावर बसल्या. आत साहेबांनी इंग्रजीत विचारलं, समजा वाघ गाडीसमोर येऊन बसला, पाहुणे घाबरले, तर त्यांना काय सांगशील?

आतून काहीच आवाज येईना. केळझरच्या गणपतीला बाईंनी बसल्या जागी साकडं घातलं. "बोल वं माय, बोल," त्या पुटपुटल्या.

आणि वर्षालीचा आवाज आला. न अडखळता, पण अगदी हळू, समोर खरंच वाघ बसल्यासारखा. "डोन्ट शाऊट. इट्स हिज हाऊस. वील वेट."

ओरडू नका, घर त्याचं आहे, आपण थांबू. पुढचा प्रश्न साहेबांनीही कुजबुजतच विचारला!

वर्षाली बाहेर आली ती उड्या मारतच. "बाई, सोमवारपासून येजो म्हणे!"

छायाबाईंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ना वऱ्हाडी, ना इंग्रजी. नुसता पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. वर्षालीनं त्यांची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली.

"चाला बाई," ती म्हणाली, "शेंगा सोलाच्या राह्यल्या."