नाकाबंदीवर धावत आलेली लेक

मंदे, जरा जवळ ये आणि कान दे. फोनवर "बरं आई, ठेवते" म्हणून मला कटवतेस, म्हणून हे लिहायला बसले.

धुळवडीच्या दुपारी आमच्या चौकात नाकाबंदी होती. मी बसथांब्यावर बसून बघत होते. पोलीसबाईंनी स्कूटरवरच्या एका म्हाताऱ्याला अडवलं आणि यंत्रात फुंकायला सांगितलं. तो चहा निववल्यासारखी हळूच फुंकर घाली. "काका, जोरात. मला पण घरी जायचंय," बाई म्हणाल्या. यंत्र वाजलं. त्यांनी किल्ली काढून घेतली, त्याला सावलीत बसवलं. "कोर्टात तर जावंच लागेल. आता गाडी न्यायला घरचं न प्यायलेलं माणूस बोलवा."

दहा मिनिटांत लेक आली, हाताला कणीक तशीच. "बाबा, कुणाला उडवलं असतंत म्हणजे? आणि स्वतः पडला असतात म्हणजे?" सगळ्यांदेखत फाडफाड बोलत होती आणि ओढणीनं त्याच्या कानातला रंग पुसत होती.

खरं सांगते, मला त्याचा हेवा वाटला. चूक त्याचीच, बोलणी खाल्ली ते बरंच झालं. पण ती ऐकवायला कुणीतरी हात न धुता धावत आलं. गोड बोलणं फोनवरून होतं गं; कान पुसायला मात्र समोर यावं लागतं. मला अडवून घरचं कोण म्हणून विचारलं असतं, तर मी तुझाच नंबर दिला असता, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच तुझी वाट बघत बसून राहिले असते.

या रविवारी येऊन जा. मी गोळ्या चुकवते, लोणचंही रोज खाते. रागवायला पुष्कळ आहे.