हातांनी चालायची फरशी

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून मी हातांवर चालते. दोन्ही तळवे पुढे टेकायचे, अंग उचलायचं आणि सरकायचं. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा मी कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, मातीवर सरकायचे. पुढे भावाने युसूफ वडगाव या गावी घर बांधलं आणि माझ्या वाट्याला शहाबादी फरशी आली. काही वर्षांत तिचे सांधे उचकटले, कडा वर आल्या. तळवे सोलून निघायचे. मी ब्लाउज शिवते. सोललेल्या हातांनी रेशमी कापड धरलं की त्याचे धागे ओढले जातात.

एक दिवस मी सांगून टाकलं, माझ्या खोलीची फरशी मीच निवडणार.

"आक्का, चकचकीत टाइल बसवू की," भाऊ म्हणाला. "समद्या गावात तीच हाय."

"तुला तिच्यावर उभं राहायचंय. मला न्हाई."

शेजारच्या लग्नात तसल्याच टाइलवर सांडलेल्या पाण्यात माझा हात निसटला होता आणि हनुवटी फुटली होती. तो टाक्यांचा व्रण त्यानंही बघितलेला. तेव्हा वहिनी म्हणाली, "केजच्या एका दवाखान्यात मऊ फरशी बघितली मी. पीव्हीसी म्हणतेत तिला. सतरंजीसारखी गुंडाळी येती."

आम्ही रिक्षाने केजला गेलो. दुकानदाराने रंगांचं पुस्तक पुढे केलं.

"रंग मागनं बघू. आधी तुकडा अंथरा," मी म्हणाले.

"कावून?"

"चालून बघायचंय."

त्याने गुंडाळी सोडली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकले. गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. मला लाज वाटली, पण थांबले नाही. "आता पाणी टाका," मी म्हणाले. पहिल्या तुकड्यावर हात घसरला. मग दुकानदाराने दुसरा अंथरला, तो बारीक खरखरीत होता. त्याच्यावर ओला हात घसरला नाही.

दुकानदार माझ्यासमोर मांडी घालून बसला. इतका वेळ तो वरूनच बोलत होता. "ताई, आता खरं सांगतो. ही थंडीत गार पडत न्हाई, पडलं तर लई लागत न्हाई, फडक्यानं पुसली की साफ. पण तापलेलं भांडं ठेवलं की जळती. जड सामानानं खड्डा पडतो, उन्हानं रंग उडतो. आन् खाली ओल असली तर टिकतच न्हाई."

तीच खरखरीत फरशी घेऊन आम्ही घरी आलो आणि ओलीची गोष्ट मी मिस्त्रीला सांगितली. त्याने जमिनीवर हात फिरवून बघितला, "कोरडं हाय" म्हणाला आणि जुन्या फरशीवरच डिंक लावून नवी चिकटवली. श्रावणात तिला फुगे आले. खालचे सांधे वर उमटले, कोपऱ्यातून कुबट वास यायला लागला.

"जाऊ दे आक्का, टाइलच बसवू," भाऊ म्हणाला.

मी फुगलेल्या फरशीचा कोपरा धरला आणि ओढायला लागले. अर्ध्या खोलीपर्यंत एकटीनेच ती सोलून काढली. मग वहिनी येऊन दुसऱ्या बाजूने ओढायला लागली, आणि शेवटी भाऊही.

मी दुकानदाराला फोन लावला. त्याने युक्ती सांगितली: प्लास्टिकचा कागद जमिनीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचा. आम्ही बघितलं, तर आतून थेंब धरले होते. मिस्त्रीला बोलावून ते दाखवलं. त्याने मान खाली घातली, शहाबादी उखडली, ओल अडवणारा थर दिला आणि वरून सिमेंट सपाट केलं. माझं मशीन स्वयंपाकघरात गेलं आणि मीही तिथेच झोपायला लागले. दर चार दिवसांनी मिस्त्री यायचा.

"ताई, वाळलं की आता."

"ते कागद सांगंल," मी म्हणायचे.

अशी दिवाळी गेली. एका सकाळी कागद उचलला तर तो कोरडा ठणठणीत होता. तेव्हा कुठे मी नवी फरशी चिकटवू दिली. आठ दिवस डिंकाच्या वासाने डोकं दुखलं. खिडक्या उघड्या टाकून राहिले.

दोन वर्षं झाली त्याला. इस्त्री पडून एक काळा डाग झालाय. मशीनच्या पायांनी खळगे पाडले, म्हणून खाली फळी घातली. दाराजवळचा रंग उडालाय. पण एकही फुगा आलेला नाही, आणि मी दिवसातून शंभर वेळा बिनघोर इकडून तिकडे जाते.

परवा नांदूरघाटची एक बाई ब्लाउज शिवायला आली. तिच्या वडिलांना लकवा झालाय, ते घरात बसून सरकतात. तिने फरशीवर हात फिरवला आणि विचारलं, "बाबांसाठी चांगली हाय का वो ही?"

मी तिला डाग दाखवला, खळगे दाखवले, दाराजवळचा उडालेला रंगही दाखवला. मग कपाटातून प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी काढून तिच्या पिशवीत घातली.

"आधी हे जमिनीला लावून ओल बघा. आन् मिस्त्री बोलवायच्या आधी मला बोलवा. मी येऊन सरकून बघते."