गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

चिठ्ठी उघडून माझ्या बायकोने ती वाचली, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, बाजूने. मला त्या माणसाच्या बाजूने बोलायचंय!"

आम्ही तेव्हा पश्चिम लंडनमधल्या एका उपनगरात राहत होतो. तिथल्या लायब्ररीत मी पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम करायचो. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा संध्याकाळी वादविवाद व्हायचा. विषय सगळ्यांनी मिळून ठरवायचा आणि बाजू मात्र आठवडाभर आधी चिठ्ठ्या टाकून. त्या महिन्याचा विषय होता अमेरिकेतल्या एका राज्याचा गव्हर्नर. तो तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांतही सारखा असायचा. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका शाळेत शिकावं म्हणून त्यांना बसने लांबच्या शाळांत न्यायचं, याला त्याचा कडवा विरोध होता. शाळांतली काही पुस्तकं त्याला काढून टाकायची होती, इतिहास कसा शिकवायचा ते मास्तरांना सांगायचं होतं, आणि कॉलेजातली मुलं देश बुडवायला निघालीत असं तो सभासभांतून ओरडायचा. त्याचं शाळांबाबतचं धोरण योग्य आहे की नाही, यावर आम्ही वीस-पंचवीस माणसं, चहाचे कप हातात धरून, मत देणार होतो.

माझी बायको लग्नाआधी पुण्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. कॉलेजात असताना वादविवादाची ढाल तिने दोनदा आणली होती. इथे तिच्या शिक्षकाच्या बी. टी. डिग्रीला कोणी विचारत नव्हतं, म्हणून ती हॉस्पिटलच्या ऑफिसात टायपिंग करायची. महिन्यातल्या त्या एका संध्याकाळी ती पुन्हा पूर्वीची व्हायची. मी बोलायचो नाही. मागच्या रांगेत बसून ऐकायचो.

ती जाऊन आता आठ महिने झाले. मी दिवसाला चार-पाच ओळी लिहितो, त्यातली एखादी खोडतो. दुःखाबद्दल लिहायला बसलो की हात चालत नाही. त्या संध्याकाळबद्दल लिहायला बसलो की मात्र आजही कान गरम होतात, आणि म्हणून तेच लिहितो आहे.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आमच्या गल्लीच्या टोकाला लाल विटांची प्राथमिक शाळा होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची घंटा ऐकू यायची. पण आमची मुलगी तिथे जात नव्हती. एका शाळेत आमच्यासारख्यांची मुलं ठरावीक हिश्शापेक्षा जास्त नकोत, असं कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, ठरवलं होतं. जास्तीची मुलं रोज सकाळी बसमध्ये बसवून पाऊण तास लांबच्या शाळांत पाठवायची. कारण असं दिलं जायचं की त्यामुळे त्यांचं इंग्रजी सुधारेल. आमच्या मुलीचं इंग्रजी उत्तम होतं, बिघडलं होतं ते मराठी. ती 'माझा बस' म्हणायची आणि 'माझी दूध'.

एकदा दुपारी तिला ताप भरला. शाळेतून हॉस्पिटलमध्ये फोन आला. दोन बस बदलून बायको तिथे पोचेपर्यंत दोन तास गेले. पोर कोट घालून कॉरिडॉरमध्ये एका बाकावर बसली होती. त्या दिवसापासून बायकोला एकच गोष्ट हवी होती, गल्लीच्या टोकाची शाळा. दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला, तोही एकाच मजकुराचा. फक्त वरची तारीख वेगळी.

आणि आता चिठ्ठीने तिला अशा माणसाच्या बाजूला उभं केलं होतं, जो बसच्या विरोधात होता!

"म्हणजे माझं आणि त्याचं एकच म्हणणं झालं की," घरी येताना ती म्हणाली. "शाळा घराजवळची हवी."

"त्याला ती कशासाठी हवी आणि तुला कशासाठी," मी म्हटलं.

"ते मला कळतंय हो. पण तिथे उभं राहून तसं म्हणू कशी? मला बाजू मांडायचीय त्याची."

तिला अडचणीतून सोडवायला म्हणून मी युक्ती काढली. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल. राज्यपाल म्हणजे कोण, तर राष्ट्रपतींनी नेमलेला, फिती कापणारा, मंत्रिमंडळाने लिहून दिलेलं भाषण वाचणारा आणि पुढे आलेल्या कागदावर सही करणारा वयस्कर गृहस्थ. मग धोरणाचा दोष त्याला का द्यायचा? धोरणाबद्दल अवाक्षर न काढता त्या माणसाची बाजू घेता येत होती. मी लायब्ररीच्या कोऱ्या कार्डांवर मुद्दे लिहून दिले, एका कार्डावर एक. आम्ही दोघंही शिकलेले, दोघंही रोज वर्तमानपत्र वाचणारे. तो माणूस काय बोलला ते वाचत होतो, त्या खुर्चीवर कसा आला ते आम्ही पाहिलंच नाही. कोश मी न समजलेल्या शब्दांसाठी उघडायचो. हा शब्द आम्हाला लहानपणापासून येत होता.

आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम चालली. लाटणं हातात घेऊन ती सुरुवात करायची, "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो!" मुलगी टेबलाखालून टाळ्या वाजवायची.

"तिथे इंग्रजीत बोलायचंय," मी आठवण करून द्यायचो.

"सुरुवात अशी केल्याशिवाय मला पुढचं सुचतच नाही. मनातल्या मनात म्हणेन."

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. पॅराफिनच्या, म्हणजे रॉकेलच्या, शेगडीचा वास, ओले कोट, चहाच्या मोठ्या भांड्याची शिट्टी. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मुलीला शेजारणीकडे ठेवलं होतं. बायको उभी राहिली. तिचे ओठ क्षणभर नुसते हलले, म्हणजे बालमित्र उरकले असं मी समजलो, आणि तिने पहिलं कार्ड वाचलं.

"हे गृहस्थ धोरण ठरवत नाहीत. ते फक्त सही करतात. कोणीतरी त्यांना या पदावर नेमलं, राहायला मोठा बंगला दिला, आणि आता लोक त्यांच्यावर रागावलेत. मला त्यांची दया येते."

आधी कोणीच हसलं नाही. मग एक जण हसला, मग सगळा हॉल. तिला वाटलं विनोद जमला, म्हणून तिने जोरात दुसरं कार्ड वाचलं. "ते नारळ फोडतात—" इथे ती अडखळली, कारण नारळ मी ऐन वेळी घातला होता.

विरोधी बाजूला दाढीवाला तरुण लेक्चरर होता. तो उठून अगदी नम्रपणे म्हणाला, "बाईसाहेब, त्याला कोणी नेमलेलं नाही. तो निवडून आलाय. मुख्यमंत्रीच म्हणा. धोरण त्याचंच आहे. त्याच्यासाठीच तर लोकांनी त्याला मतं दिली."

मागच्या रांगेत मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पेपर उलटा धरलेल्या विद्यार्थ्याकडे शिक्षिका पाहते तसं. मग तिने कार्डांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "आमच्याकडे गव्हर्नर सही करतो. त्यांच्याकडे गव्हर्नर हुकूम देतो. मग तुमच्याकडे गव्हर्नर काय करतो?"

"आमच्याकडे?" अध्यक्षबाई गोंधळल्या. "आमच्याकडे तुरुंगाला गव्हर्नर असतो. आणि शाळांना असतात."

"शाळांना?"

"शाळेचा कारभार पाहणारी मंडळी. प्राथमिक शाळेत त्यांना कागदोपत्री मॅनेजर म्हणतात, पण बोलताना सगळे गव्हर्नरच म्हणतात."

"आणि दुकानालाही असतो!" मागून एक जण ओरडला. "माझा गव्हर्नर हा काय इथे बसलाय!" पुन्हा हशा. त्याने ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते आमच्या ओळखीचे होते. कोपऱ्यावर खिळे, रंग, शेगड्या विकायचं दुकान चालवणारे ते जाडसर गृहस्थ. आमची शेगडी त्यांच्याकडचीच होती.

हसू ओसरल्यावर बायकोने विचारलं, "आमच्या रस्त्याच्या टोकाला जी शाळा आहे, तिचे गव्हर्नर कोण?"

दुकानदार आता हसत नव्हते. त्यांनी हळूच हात वर केला. "त्यातला एक मी."

मी सरळ बसलो. बायको दोन पावलं पुढे आली, टेबलाच्या या बाजूला. तसं येण्याची पद्धत नव्हती.

"मग मी तुमच्याशीच बोलते. मला त्या अमेरिकन गव्हर्नरची बाजू मांडायची आहे. तो म्हणतो, मुलाने घराजवळच्या शाळेत जावं. बरोबर म्हणतो. पण का म्हणतो? काळी मुलं आपल्या मुलांच्या शेजारी बसायला नकोत म्हणून. इथे तुम्ही म्हणता, मुलाने लांबच्या शाळेत जावं. का? माझ्या मुलीसारखी मुलं तुमच्या मुलांच्या शेजारी फार नकोत म्हणून. तो बस थांबवतो, तुम्ही बस पाठवता, आणि माझी मुलगी दोन्हीकडे दाराबाहेर. त्याच्यावर हसायला आपण इथे चहा घेऊन जमलोय. मी त्याच्यावर हसणार नाही. तो जे करतो ते निदान मोठ्याने सांगतो."

"हे अन्यायाचं आहे!" दुकानदार उठले. त्यांचे गाल लाल झाले होते. "आम्ही मुलांच्या भल्यासाठी केलं. इंग्रजी यावं म्हणून."

"तुमच्या शेगडीची वात कशी बदलायची ते कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. मला समजेना. माझ्या मुलीने वाचून दाखवलं. सहा वर्षांची आहे!"

"ऐका, ऐका!" दाढीवाला लेक्चरर टेबल बडवत ओरडला. तो तिचा प्रतिस्पर्धी आहे हे तो विसरला होता. अध्यक्षबाई हातोडी शोधत होत्या, ती चहाच्या ट्रेखाली गेली होती. चार जण एकदम बोलत होते. एक म्हातारी बाई उभी राहून म्हणाली की तिच्या नातवाच्या वर्गात आधीच जागा नाही, तेही कोणी बोला की. तिला कोणी गप्प केलं नाही, आणि बायकोने मान हलवून तेही ऐकून घेतलं.

मतं घेतली तेव्हा बायको हरली. तिच्या बाजूने चार हात वर झाले. त्यातला एक माझा. एक दुकानदारांचा होता. त्यांना बहुधा आपण कशाला मत देतोय तेच कळलं नव्हतं, किंवा कळलंही असेल.

घरी जाताना ती जवळजवळ धावत होती. "मी काय बोलले? सांगा ना, मी काय काय बोलले? मला एक शब्द आठवत नाहीये!"

"नारळ फोडलास," मी म्हटलं. तिने हातमोज्याने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसत सुटलो. समोरच्या घराचा पडदा हलला.

रविवारी दुकानदार घरी आले. टोपी हातात, तिसऱ्या अर्जाचा फॉर्म खिशात. बायकोने वेलदोड्याचा चहा दिला, तो त्यांनी औषध घेतल्यासारखा संपवला. मग सरळ म्हणाले, "बस पाठवायला मी हो म्हणालो होतो. तुम्हाला ते माहीत असावं. आणि मी वचन देऊ शकत नाही, शेवटी ठरवणार कौन्सिल. पण आमच्या बैठकीत मी तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगेन."

"जसंच्या तसं नको," बायको म्हणाली. "राज्यपालाचा भाग वगळा."

तेवढ्यात मुलगी आत आली आणि त्यांना इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या दुकानातल्या पाटीवर 'पॅराफिन'मध्ये एक एफ जास्त आहे." त्यांनी फॉर्म उघडला, 'मुलाला इंग्रजी येते का' या रकान्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आमच्याकडे पेन मागितलं.

ईस्टरनंतर पत्र आलं. मजकूर या वेळी वेगळा होता. बायकोने ते उभ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाली, "यात फक्त हिचंच नाव आहे." त्याच दुपारी ती हॉस्पिटलच्या टाइपरायटरवर दुसऱ्या तीन घरांचे अर्ज टाइप करत बसली. त्यातला एक पुढे मंजूर झाला, दोन नाही.

पहिल्या दिवशी आम्ही दोघंही रजा काढून निघालो. शाळेपर्यंत चार मिनिटं लागली. फाटकापाशी मुलगी थांबली, मागे वळून आमच्या दाराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा वाकडा झाला.

"एवढंच? आलं पण?" तिचे डोळे भरले. "मला माझा बस पाहिजे. माझी मैत्रीण त्याच्यात असते. आम्ही गाणी म्हणतो."

मी घाबरलो. इतका सगळा खटाटोप, आणि जिच्यासाठी केला तीच नको म्हणत होती. माझी बायको मात्र तिच्यासमोर उकिडवी बसली. साडीचा काठ ओल्या फरशीवर लोळत होता आणि तिचे डोळे वादविवादाच्या संध्याकाळी चमकले होते तसे चमकत होते.

"'माझी बस' म्हण," ती म्हणाली. "आणि आता सांग, का पाहिजे. नीट सांग हं, एकेक मुद्दा. मी ऐकतेय."