अंबाड्याखालची जागा

चंदनसारला माझ्या घरात माळा आवरताना आज आईची चुंबळ सापडली. डोक्यावर मासळीच्या पाटीखाली ठेवायची, जुन्या लुगड्याची गुंडाळी. इतक्या वर्षांनंतरही तिला सुक्या बोंबलाचा वास होता, आणि त्या वासानं मला थेट अर्नाळ्याच्या आमच्या अंगणात नेलं.

दुसऱ्या केमोनंतर आईचे केस पुंजक्यापुंजक्यानं उशीवर गळायला लागले होते. एका दुपारी ती अंगणात पाटावर येऊन बसली आणि म्हणाली, "काढून टाक सगळे." मी रडत रडत मशीन फिरवत होते. ती मात्र शेजारणीला वाळत घातलेला जवळा नीट पसरायला सांगत होती.

डोकं उघडं पडलं आणि माझा हात थांबला. मधोमध तळहाताएवढी जागा टाचेसारखी घट्ट, काळपट, चकचकीत होती. मला वाटलं, दुखणं डोक्यात पोचलं.

"आई, इथं काय झालंय? डॉक्टरांना फोन करते."

तिनं हात वर नेऊन चाचपलं आणि ती हसायलाच लागली.

"येडी पोर! ते औषधानं नाय, पाटीनं केलंय. तीस वर्सं मासळी वाहिली, तिथले केस कधीच गेले. कोनाला दिसू नये म्हनून तर अंबाडा टाळूवर बांधते."

तो अंबाडा आणि त्यावरची अबोलीची वेणी मी आजवर तिची हौस समजत होते. मशीन बंद करून मी त्या जागेवर हात ठेवला, देवळाच्या पायरीला लावतो तसा.

पुढे औषधं संपली. केस परत आले, तान्ह्या बाळासारखे मऊ. त्या तळहाताएवढ्या जागेवर मात्र एकही उगवला नाही.